मागे राहिलेला मित्र

परवा रात्री 'द किलिंग फील्ड्स' (१९८४) पुन्हा पाहिला. १९७५ साली ख्मेर रूजने कंबोडियाची राजधानी घेतली तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सचा सिडनी शॅनबर्ग सुखरूप मायदेशी पोचला. त्याचा जीव वाचवणारा सहकारी डिथ प्रान मात्र चार वर्षांहून जास्त काळ तिथे अडकला. १९७६ चं पुलित्झर शॅनबर्गने प्रानच्याही वतीने स्वीकारलं. पण टोचणी काही जात नाही! लढाईच्या दृश्यांपेक्षा मला ती टोचणीच जास्त लक्षात राहते.

प्रानचं काम करणारा हाइंग न्गोर मुळात डॉक्टर, स्वतः त्या छळातून वाचलेला. त्यावरून आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले. तिथे डॉक्टरने पत्रकार उभा केला, इथे पत्रकाराने डॉक्टर. जपानशी लढणाऱ्या चीनला १९३८ मध्ये गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी चौघे परतले. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच गेले. त्यांच्यावर पुस्तक लिहिलं पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास यांनी. त्यावरूनच शांतारामबापूंनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला.

आम्ही सोलापूरकर पाहुण्यांना कोटणीसांचं स्मारक कौतुकाने दाखवतो. शांतारामबापूंचं नाव निघतं, अब्बासांचं क्वचितच. हे काही बरं नाही. मित्र मागे राहिला की त्याचं नाव सांगत राहणं, एवढंच सुटून आलेल्यांच्या हाती उरतं. आणि ते गावोगाव पोचवायला कुणीतरी लिहिणारा लागतो. पत्रकारितेचा खरा मोठेपणा यातच आहे, असं आपलं मला वाटतं. तुम्हाला?