कुंपणाला करंट कुठला?

मिनी-प्रोजेक्टला मी गुरांचं इलेक्ट्रिक कुंपण घेतलं तेव्हा हॉस्टेलवर सगळे हसले. "त्यात काय, घरातली वायर तारेला जोड!"

हसू नका, काही लोक नेमकं हेच करतात. विदर्भात अशा तारांनी वाघ मेलेत, माणसंही. मेन्सचा २३० व्होल्टचा करंट सलग वाहतो, स्नायू आखडतात, हात सुटत नाही. एनर्जायझर मात्र सेकंदाला साधारण एकच झटका देतो. काही हजार व्होल्टचा, पण सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा. म्हैस दचकते, मागे सरते, विषय संपला.

आता एनर्जायझरला वीज कुठली द्यायची? गोठ्यात मीटर असेल तर मेन्सवर चालणारा स्वस्त. पण मुरबाडला मामाकडे पावसात लाईट गेली की कधी येईल ते देवालाच ठाऊक. (आम्ही डोंबिवलीकर अर्ध्या तासात रडतो!) म्हणून माझं मत सोलरला. पण खरा प्रश्न पॅनेलचा नाही, बॅटरीचा आहे. छोटा एनर्जायझर ३ वॅटचा धरा. दिवसाला ७२ वॅट-अवर, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून ६ अँपिअर-अवर. आषाढात पाच दिवस ऊन नाही तर ३०. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे ६०.

मी मोठ्या ऐटीत हे गणित मामाला दाखवलं. तो म्हणाला, "अगं, पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकतं. करंट त्यातूनच जमिनीत जाणार, त्याचं काय?"

सर्किट डायग्राममध्ये गवत नव्हतं. आता बजेटमध्ये बॅटरीच्या खाली 'विळा, १ नग' अशी ओळ आहे. सर काय म्हणतात बघू.