गारवा गेला कुठे?

सायकलचं पंक्चर कसं शोधतात? ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे आले की छिद्र सापडलं! पण मोटारीचा एसी काही घमेल्यात मावत नाही. मग?

माझ्या दादाची मोटार १९९२ सालची. तिच्या एसीत आर-१२ नावाचा वायू असे. असे वायू ओझोनचा थर विरळ करतात, हा इशारा मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दिला. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने बंद झाले. म्हणून दादाने आर-१३४ए भरून घेतला. महिन्याभरात एसीतून गरम वारा!

दुसऱ्या मेकॅनिककाकांनी कारण सांगितलं. नव्या वायूचे रेणू लहान. जुन्या रबरी नळ्यांतून, कडक झालेल्या रिंगांजवळून ते निसटतात. शिवाय जुनं तेल या वायूत मिसळत नाही, मग कॉम्प्रेसरला वंगण कुठून मिळणार?

काकांनी उरलेला वायू यंत्राने टाकीत काढून घेतला. नायट्रोजन दाबाने भरला आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावला. दोन ठिकाणी टम्म फुगे! रिंगा, नळ्या, तेल, सगळं बदललं. मग पंपाने आतली हवा ओढून काढली. अर्धा तास आम्ही काट्याकडे पाहत बसलो. तो हलला नाही, तेव्हाच नवा वायू भरला.

"आत्या, हा ओझोनला त्रास देत नाही ना? मग गळू दे की!" भाचा म्हणाला. अरे, पण एक किलो आर-१३४ए हजार किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो! काकांनी तो टाकीत का भरला, ते आता कळलं?