हरवलेल्या लेकींचा शोध

कॅनडातील विनिपेग शहराजवळच्या एका कचराभूमीत २०२५ च्या आरंभी दोन आदिवासी स्त्रियांचे अवशेष सापडले. त्यांचा खून २०२२ साली झाला होता. मृतदेह तेथेच असावेत असा पोलिसांचा कयास होता. तरीही शोध अशक्यप्राय ठरविण्यात आला. पुढे २०२३ मध्ये प्रांतिक सरकारनेही विषारी कचऱ्याचे कारण देऊन नकार दिला. नातलगांनी आंदोलन सोडले नाही. सत्तांतर होऊन वाब किन्यू हे आदिवासी समाजातील नेते प्रांताचे प्रमुख झाले, तेव्हा शोधाला वाट मिळाली.

ही घटना सुटी नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय पोलीस दलाच्या २०१४ च्या अहवालानुसार १९८० ते २०१२ या काळात १,०१७ आदिवासी स्त्रियांचे खून झाले, तर १६४ बेपत्ता होत्या. देशातील स्त्रियांमध्ये त्यांचे प्रमाण अवघे ४ टक्के. खून झालेल्या स्त्रियांमध्ये मात्र १६ टक्के. ब्रिटिश कोलंबियातील १६ क्रमांकाच्या महामार्गाला लोक ‘अश्रूंचा महामार्ग’ म्हणतात. तेथे वाहनाची सोय नसल्याने गरीब मुली अनोळखी गाड्यांना हात दाखवीत. बससेवेची शिफारस २००६ मध्ये झाली. ती सुरू व्हायला २०१७ साल उजाडले.

राष्ट्रीय चौकशी आयोगाने २०१९ मध्ये या हिंसाचाराला वंशसंहार म्हटले आणि न्यायासाठी २३१ मागण्या मांडल्या. हिंसेची मुळे शोधताना आयोगाने निवासी शाळांकडेही बोट दाखविले. त्या शाळांत सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडली गेली. त्यांतील बहुसंख्य शाळा कॅथलिक संस्था चालवीत होत्या, हे आम्ही विसरू शकत नाही. ज्यांची लेकरे हिरावून घेताना कोणाला संकोच वाटला नाही, त्यांच्या लेकी नाहीशा झाल्यावर तरी कोण हळहळणार? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये कॅनडात जाऊन क्षमा मागितली. ती आवश्यकच होती.

परंतु क्षमायाचना ही प्रायश्चित्ताची केवळ सुरुवात होय. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यातील मेंढपाळ खर्चाचा हिशेब मांडीत बसत नाही. तो शोधावयास निघतो. कोणाच्या लेकीचा शोध घ्यावा आणि कोणाच्या नाही, हे समाज जेव्हा तिच्या जातकुळीवरून ठरवितो, तेव्हा गुन्हेगाराचे अर्धे काम आधीच झालेले असते, असे आम्हांला वाटते.