खुंटीवरचे दोन बुरखे

रक्तातली साखर काठावर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मॅडम, दिवसभर फळ्यासमोर उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे." म्हणून गेल्या वर्षी मी गारखेड्यातल्या एका बायकांच्या नृत्यवर्गात नाव घातले. आठवड्यातून तीन संध्याकाळी सालसा आणि बचाता. गुडघे कुरकुरायचे, पण मन हलके व्हायचे.

डिसेंबरमध्ये वर्गाने वेशभूषेची रात्र ठरवली. एक हॉल, जेवण, नाच, फक्त बायका, आणि प्रत्येकीने काहीतरी बनून यायचे. मी अम्मीच्या पेटीतली हिमरूची शाल काढली आणि जुन्या औरंगाबादची बेगम बनून गेले. दाराशी बुरखा उतरवून खुंटीवर टांगला.

आत झाशीची राणी होती, दोन कोळिणी होत्या, लाल झगा घातलेली स्पॅनिश नर्तकी होती. मग आमच्यातली सगळ्यांत हसरी मैत्रीण आली, ती बुरखा घालून. सिटी चौकातून खास विकत आणलेला. नकाबातून डोळे फिरवत "आदाब, आदाब" करत ती हॉलभर हिंडली. सगळ्या पोट धरून हसल्या. मीही हसले. पहिले बक्षीस तिलाच मिळाले. नंतर उकडते म्हणून तिने तो काढला आणि माझ्या बुरख्याशेजारीच लटकवला. निघताना ती मला म्हणाली, "अगं, यातला माझा कोणता आणि तुझा कोणता?"

प्रश्न साधा होता. उत्तर मला रिक्षात बसल्यावर सुचले. जो घातल्यावर बक्षीस मिळते तो तिचा. जो घातल्यावर लोक दोनदा वळून बघतात तो माझा.

बुरखा घालावा की नाही, यावर आमच्या घरातच दोन मते आहेत. मी घालते, धाकटी बहीण घालत नाही. तो वाद इथे नको. पण कापड तेच असून त्याची किंमत किती बदलते, ते पाहा. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, टोपी घालून यायला मनाई केली. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुलींची याचिका फेटाळली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र परवानगी नाकारली. म्हणजे शिकायला निघालेल्या मुलीच्या अंगावर जे कापड खटकते, तेच नाचायला आलेल्या बाईच्या अंगावर गमतीचे ठरते.

सोंगाला माझा विरोध नाही. सोंग आपल्या मातीतले आहे. मोहरमला वाघाचे सोंग घेणारे, नवसाने फकीर होणारे हिंदूही आपल्या गावांनी पाहिले आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या एकनाथांनी चारशे वर्षांपूर्वी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यातला तुर्क नुसता दाढी लावून हसवायला येत नाही. तो बोलतो, भांडतो, बरोबरीने टोमणे मारतो आणि शेवटी दोघे एकमेकांना भेटतात. त्या रात्रीच्या बुरख्याला मात्र "आदाब"पलीकडे एक शब्द नव्हता. माझी तक्रार सोंगाबद्दल नाही, त्याच्या मुकेपणाबद्दल आहे.

आणि आम्ही नाचत होतो तरी कोणाचे नाच? सालसाच्या मुळाशी क्यूबातल्या गुलाम आफ्रिकी माणसांचे ढोल आहेत. एकोणिसाव्या शतकात हवानात ६ जानेवारीच्या सणाला या गुलामांना रस्त्यावर आपले ढोल वाजवायची, आपले वेश घालून मिरवायची मोकळीक मिळे. बघणाऱ्या मालकांना ते सोंग वाटत असेल. नाचणाऱ्याला तो दिवस स्वतःसारखे असण्याचा होता. डॉमिनिकन देशातला बचाता गरीब वस्त्यांतला म्हणून प्रतिष्ठितांनी हिणवला. २०१९ मध्ये युनेस्कोने त्यालाच मानवी वारशाच्या यादीत घेतले. त्या ठेक्यावर पाय टाकताना दुसऱ्याच्या वेशामागे माणूस असतो, एवढे तरी आठवायला हवे.

आता आपल्या माणसांशीही बोलते. वर्गाची गोष्ट मोहल्ल्यात कळली तेव्हा एक खाला म्हणाल्या, "उस्तानी होऊन नाचतेस?" मी त्यांनाच त्यांच्या मुलीच्या मेहंदीची आठवण दिली. ढोलक मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत आम्हाला नाचवणाऱ्या त्याच होत्या! बायकांनी बायकांत हसणे-नाचणे हे दख्खनच्या मुसलमान घरांत जुनेच आहे. मैत्रिणीला बुरख्याआड माणूस दिसला नाही, तसे आपल्यातल्या काहींना बुरख्याआड गुडघे आणि साखर असलेली बाई दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात मी मैत्रिणीला सगळे सांगितले. तिचे डोळे भरले. "मग तेव्हाच का नाही बोललीस?" खरे सांगायचे तर मी तिथे एकटी होते आणि सगळ्या हसत होत्या. तो हशा मोडण्याचा धीर मला झाला नाही, आणि ही चूक माझी. मुलांना मी रोज सांगते की समजले नाही तर विचारा, खटकले तर बोला.

"टाकून देऊ का तो?" तिने विचारले. मी म्हटले, "टाकू नकोस. एक दिवस तो घालून रोशन गेटपासून गारखेड्यापर्यंत माझ्याबरोबर चल. मग दोघी मिळून पुढच्या वर्षी काय बनायचं ते ठरवू."

ती येते म्हणाली आहे.