प्रतिज्ञेला उपचाराची जोड हवी

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. विहारात ते मुखोद्गत आहे. तरीही वस्तीच्या तोंडाशी गुत्ता उभाच आहे. विषारी दारूने 2004 साली विक्रोळीत आणि 2015 साली मालवणीत कष्टकऱ्यांचे बळी घेतले. एकट्या मालवणीत शंभरावर माणसे गेली.

मग शील म्हणणारा माणूस पितो का? तो चळवळीशी बेइमान आहे म्हणून? आम्हाला हे मान्य नाही. पहिला घोट संगतीने घेतला जातो. पुढे तो आजार होतो. जागतिक आरोग्य संघटनाही दारूच्या व्यसनाला आजारच मानते.

हा आजार ओळखता येतो. पूर्वी क्वार्टरवर भागत होते, आता भागत नाही. सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात. "उद्यापासून बंद" ही शपथ दर आठवड्याला मोडते. पगाराचा आकडा घरी खोटा सांगितला जातो. अशा माणसाला भाषण नको, डॉक्टर हवा.

रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून त्याला खोलीत कोंडू नका. बुवाची माळ नको आणि चहातून गुपचूप द्यायची जाहिरातीतली पुडीही नको. सरकारी रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना पैसे लागत नाहीत, नावही गुप्त राहते. शासनाचा 14446 हा क्रमांक निःशुल्क आहे. बरा झालेला माणूस पुन्हा घसरला तर त्याला हाकलू नका, पुन्हा उपचाराला न्या.

पण या आजाराचा मार खाणारी माउली गप्प का बसते? "समाजात नाव जाईल" म्हणून! ही भीती घालवणे हे चळवळीचे काम आहे. प्रत्येक विहारात आठवड्यातील एक संध्याकाळ व्यसनमुक्तीच्या सभेसाठी राखा. जयंतीच्या वर्गणीतला वाटा एखाद्या रुग्णाच्या उपचाराला द्या. पिऊन मिरवणुकीत नाचणाऱ्याला कार्यकर्त्यांनीच बाजूला घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कार्यकर्त्यांनी त्याला दवाखान्यात न्यावे. पाचवे शील असेच पाळले जाईल.