'कंदिसा'च्या पुढं कोणी जातं का?

इंडियन ओशन आवडतं असं सांगणाऱ्याला मी हल्ली एकच प्रश्न विचारतो. 'कंदिसा' आणि 'बंदे' सोडून तिसरं गाणं सांग. बहुतेक जण 'मा रेवा'वर येतात. चौथं विचारलं की विषय बदलतो. आणि गंमत म्हणजे हेच लोक दोन मिनिटांपूर्वी ठामपणे सांगत असतात की, "कंदिसा हा त्यांचा सगळ्यात भारी अल्बम. सुश्मित सेन गेला आणि बँड संपला."

खामगावात चहाच्या टपरीवर, पुण्यात एमपीएससीच्या रूमवर, संभाजीनगरच्या होस्टेलवर, सगळीकडं हा निकाल तयार असतो. ज्या अल्बमांना तो लागू करायचा ते मात्र कुणी ऐकलेले नसतात. माझं म्हणणं सरळ आहे. हा निकाल चुकीचा आहे. आणि तो ज्या सवयीतून येतो ती सवय आपल्याला, म्हणजे कापसाच्या पट्ट्यात वाढलेल्या पोरांना, जास्त महागात पडते.

आधी हिशोब मांडू. सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी दिल्लीत १९९० मध्ये हा बँड सुरू केला. लवकरच बेस गिटार घेऊन राहुल राम आला. हा माणूस कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएचडी करून आलेला. मग १९९४ मध्ये ड्रमवर अमित किलम. 'इंडियन ओशन' (१९९३), 'डेझर्ट रेन' (१९९७), 'कंदिसा' (२०००), 'झीनी' (२००३), 'ब्लॅक फ्रायडे'चं संगीत, '१६/३३० खजूर रोड' (२०१०), 'तंदानू' (२०१४) आणि 'तू है' (२०२३). सिनेमाचा धरून आठ अल्बम. शिवाय 'पीपली लाइव्ह'मधली गाणी आणि 'मसान'चं संगीत. तीस वर्षांत आठ म्हणजे काय मोठंसं, असं म्हणाल. पण यांची गाणी आधी वर्षानुवर्षं स्टेजवर वाजतात, घासली जातात आणि मग रेकॉर्ड होतात. त्या मानानं हे काम भरपूर आहे. आपण त्यातल्या एका अल्बमची दोन-तीन गाणी उचलली आणि बाकीच्यांवर फुली मारली.

'कंदिसा' वाईट आहे असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारा बहिराच असेल. 'हिल्ले ले' हे गोरख पांडे यांचं भोजपुरी गीत, 'मा रेवा' हे नर्मदाकाठचं पारंपरिक गाणं, 'कंदिसा' ही केरळच्या सिरियन ख्रिश्चनांकडची अरामी भाषेतली प्रार्थना. तीन वेगळ्या जगांतली गाणी एका अल्बममध्ये बसवणं आणि तरी ती एकाच हातानं विणल्यासारखी वाटणं, हे सोपं नाही. पण 'कंदिसा'चा मोठेपणा कळायला त्याच्या आधीचा आणि नंतरचा अल्बम ऐकावा लागतो. तिथंच आपण आळस करतो.

आधीचा म्हणजे 'डेझर्ट रेन'. माझ्या मते हाच त्यांचा सर्वोत्तम अल्बम. १ जानेवारी १९९७ ला दिल्लीत सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमातलं हे थेट रेकॉर्डिंग. स्टुडिओ नाही, पुन्हा पुन्हा घेतलेले टेक नाहीत. गिटार, तबला, बेस आणि ड्रम एकमेकांकडं बघून वाजतायत हे ऐकू येतं. कुठं थोडं घाई करतात, कुठं असीमचा तबला गाणं हातात घेतो आणि बाकीचे त्याच्या मागं जातात. लोक म्हणतात, रेकॉर्डिंग कच्चं आहे. असेल. पण भजनी मंडळाची पहाटेची भैरवी ज्यानं देवळात बसून ऐकली आहे, त्याला कच्चं आणि खोटं यातला फरक सांगावा लागत नाही.

आणि याच अल्बममध्ये 'बोल वीव्हिल' आहे.

'बोल वीव्हिल' हे अमेरिकेतलं जुनं लोकगीत. बोल वीव्हिल म्हणजे कापसाच्या बोंडात शिरणारा सोंडेवाला किडा. तो १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासमध्ये आला आणि पुढच्या तीस वर्षांत अमेरिकेचा सगळा कापूसपट्टा त्यानं पोखरला. त्या काळ्या शेतमजुरांनी, कुळांनी त्याच्यावर गाणं रचलं. शेतकरी आणि किडा यांचा संवाद, थट्टेच्या सुरातला. चार्ली पॅटन, लेड बेली अशा ब्लूज गायकांनी ते रेकॉर्ड केलं. अलाबामातल्या एंटरप्राइज गावानं तर १९१९ मध्ये या किड्याचं स्मारक उभारलं, कारण त्याच्यामुळं लोक कापूस सोडून भुईमुगाकडं वळले आणि त्यांचं बरं झालं.

हे गाणं दिल्लीच्या चार पोरांनी १९९७ मध्ये वाजवलं. बीटी कपाशीला आपल्याकडं परवानगी मिळाली २००२ मध्ये. २००६ मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं, ३,७५० कोटींचं, विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी, आणि त्या सहांत आपलं बुलडाणा होतं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भ झोपवला. आमच्या मामांनी नांदुऱ्याकडच्या वावरात डोमकळ्या तोडून पाहिल्या, बोंडं फोडून पाहिली आणि दोन वेचण्या झाल्यावर उभ्या कपाशीत रोटाव्हेटर घातला. अमेरिकेतला किडा म्हणजे भुंगा, आपली ती अळी. जात वेगळी, शिरायची जागा तीच. फरक एवढाच की आपल्याकडंही लोक कापूस सोडून सोयाबीनकडं गेले, पण अळीचा पुतळा कुणी उभारला नाही. सोयाबीनच्या भावानं तशी वेळच येऊ दिली नाही.

मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं त्याच हिवाळ्यात. मित्राला ऐकवलं तर तो म्हणाला, "हे काय ऐकून राह्यला बे? इंग्लिश हाय ना ते. कंदिसा लाव." कंदिसा अरामीत आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. त्या दिवशी भांडायचं मन नव्हतं. आज भांडतोय.

बघा, अडचण इंग्रजीची नव्हतीच. अडचण अशी की 'कंदिसा' ऐकणं ही पसंती ठरून गेलेली आहे. ते ऐकलं की आपण दर्दी ठरतो. 'बोल वीव्हिल' ऐकून कुणी दर्दी ठरवत नाही. जे गाणं थेट आपल्या वावराबद्दल बोलतं ते आपण पुढं सरकवलं, कारण ते कुणाच्या 'टॉप फाइव्ह'मध्ये नव्हतं.

'मा रेवा'चं तर त्याहून वाईट झालं. ओंकारेश्वरला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या रीलखाली ते वाजतं. नदी, घाट, संध्याकाळ, वर गाणं. राहुल राम नव्वदच्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनात होता. गाणं तिथून बँडमध्ये आलं. त्या नदीवर सरदार सरोवर झालं, उंची १३८.६८ मीटर, लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७. महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं त्यात बाधित झाली. नंदुरबार काही परदेश नाही. रील करू नका असं मी म्हणत नाही. पण गाणं कुणाच्या तोंडचं आहे हे ठाऊक नसताना त्याच्या अल्बमला सर्वोत्तम म्हणायचा हक्क कुठून आला?

आता नंतरचा, 'झीनी'. फॅन लोक याला 'कंदिसा'ची सावली म्हणतात. मला तो 'डेझर्ट रेन'चा दुसरा भाग वाटतो. तिथं कापूस शेतात आहे, इथं मागावर. कबीराचं पद घेतलंय, विणकराचं, बारीक विणलेल्या वस्त्राचं, आणि ते कुठंही भक्तीचा आव न आणता वाजवलंय. असीमचा आवाज तिथं सगळ्यात मोकळा आहे. पण या अल्बमला एक जोरकस, ओरडून म्हणता येईल असं गाणं नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला तो चालत नाही. म्हणून तो मागं पडला. गॅदरिंगला चालणं हीच कसोटी असेल तर तसं स्पष्ट म्हणा.

'१६/३३० खजूर रोड' हा दिल्लीत करोलबागेतल्या त्या जुन्या बंगल्याचा पत्ता, जिथं बँड वर्षानुवर्षं सराव करायचा. २५ डिसेंबर २००९ ला असीम चक्रवर्ती गेला. हा त्याच्या आवाजातला शेवटचा अल्बम. आणि हा बँडनं फुकट दिला. दर महिन्याला एक गाणं, वेबसाइटवरून उतरवून घ्या. तेव्हा आपण सगळेच गाणी मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून घ्यायचो, दहा रुपयांत शंभर. कलाकार स्वतः फुकट देत होता आणि तरी तो अल्बम आपल्या कार्डांत आला नाही. दुकानदाराकडं 'बंदे' होतं, तेवढं पुरलं.

आता समोरच्याची बाजू, आणि ती खोटी नाही. सुश्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडला. त्याची गिटार सतारीसारखी बोलायची, एका वाक्यात ओळखू यायची. 'तंदानू' मध्ये ती पोकळी आहे. सात गाणी, प्रत्येकात एक पाहुणा: शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट, विशाल ददलानी, कर्श काळे, कुमारेश, सेल्वागणेश. घरात माणूस कमी झालं की पाहुणे जास्त बोलवतो तसं. काही ठिकाणी पाहुणाच गाणं खाऊन टाकतो. हे मी मान्य करतो. माझ्या क्रमात 'तंदानू' खालीच आहे.

पण 'बँड संपला' हे त्यातून निघत नाही. निखिल राव, हिमांशू जोशी, तुहीन चक्रवर्ती आले आणि २०१५ मध्ये 'मसान' आला. ती गाणी तुमच्या प्लेलिस्टमध्ये नक्की आहेत. गाण्याखाली इंडियन ओशनचं नाव वाचलं होतं का? ज्यांच्या मते बँड २०१३ मध्ये संपला, तेच लोक २०१५ ची गाणी प्रेमात पडल्यावर ऐकतात. नंतर नऊ वर्षं थांबून 'तू है' आला, तर त्याची चर्चासुद्धा नाही. मेलेल्या माणसाच्या घरी पत्र यावं तशी आपली प्रतिक्रिया.

हा रोग एका बँडपुरता नाही, म्हणून एवढा राग येतो. १४ एप्रिलला आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात वामनदादा कर्डकांची गाणी वाजतात. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, १९२२ चा जन्म. मुंबईत मोठेपणी अक्षरओळख झाली आणि त्यानंतर या माणसानं हजारो गाणी लिहिली. डीजेवर त्यातली मोजकीच फिरतात, रिमिक्स होऊन, आणि व्हिडिओखाली बऱ्याचदा गीतकाराचं नावच नसतं. भरपूर लिहिणाऱ्याला आपण ही शिक्षा देतो: दोन गाणी ठेवायची, बाकीचा माणूस विसरायचा. दिल्लीचा रॉक बँड असो नाहीतर आपला लोकशाहीर.

कुणी म्हणेल, गाणं ऐकायचं तर ऐकावं, एवढा अभ्यास कशाला? बरोबर आहे. नुसतं ऐकणाऱ्याशी माझं भांडण नाहीच. बसमध्ये 'कंदिसा' लावून झोपी जा, कुणाची हरकत नाही. माझं भांडण निकाल देणाऱ्याशी आहे. अल्बमांचा क्रम लावायचा असेल तर सगळे अल्बम ऐकणं ही किमान मेहनत आहे. पंचनामा करायला आलेल्या तलाठ्यानं बांधावरूनच नुकसान शून्य लिहिलं तर आपण त्याला सोडतो का? मग स्वतःला का सोडतो?

तर माझा क्रम असा. 'डेझर्ट रेन', 'झीनी', 'कंदिसा', 'खजूर रोड', पहिला अल्बम, 'ब्लॅक फ्रायडे', 'तंदानू'. 'तू है' मी अजून मुरवतोय, त्याला जागा द्यायची घाई नाही. तुम्हाला हा क्रम पटणार नाही, नकोच पटू. पण खोडून काढायचा असेल तर एक करा. खामगावहून बुलडाण्याला बोथ्याच्या घाटातून एसटी जाते. खिडकीजवळ बसा, शफल बंद करा, डेटाही बंद करा आणि 'डेझर्ट रेन' पहिल्या गाण्यापासून लावा. ज्ञानगंगेचं जंगल संपून बुलडाणा येईपर्यंत अल्बम संपलेला असेल. उतरल्यावर मला शिव्या द्यायच्या तर द्या. तिसरं गाणं विचारायची मात्र मग मला गरज पडणार नाही.