बोअरची गाडी वेशीवरच थांबवा

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार तालुक्यांतल्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा, असे ठरले होते. आमच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी पावसाळाभर पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवल्या, विहिरींत दोरी सोडून पातळी मोजली, कोणाकडून चहाचीही अपेक्षा न ठेवता सगळा हिशेब फळ्यावर लिहून तयार केला. सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. त्याच आठवड्यात त्याच शिवारात बोअरच्या गाड्या रात्रभर घरघरत होत्या. सभेसाठी पारावर शंभर माणसे जमत नाहीत, आणि पाचशे फूट खाली जाण्यासाठी व्याजाने पैसे मात्र एका दिवसात उभे राहतात. या गोष्टीची आम्हाला चीड आली आहे. हे आवाहन त्या चिडीतूनच लिहिले आहे, ती लपवण्याचे काही कारण नाही.

आमचे म्हणणे एकच आहे. बालाघाटच्या या पट्ट्यात पाऊस कमी पडतो हे खरे, पण इथली गरिबी टिकून आहे ती ‘जो आधी उपसेल त्याचे पाणी’ या रिवाजामुळे. हिशेब कोणीही करून पाहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर. हजार हेक्टरच्या शिवारात चारशे मिलिमीटर पडला, तर चारशे कोटी लिटर पाणी गावावर पडले. यातले बरेचसे उडून जाते, वाहून जाते, मातीत ओल म्हणून राहते. आपल्या काळ्या खडकात विहिरींच्या कामी येईल असे मुरते ते दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चाळीस कोटी लिटर. आता मोकाट पाण्यावरच्या उसाला हेक्टरी सुमारे दोन कोटी लिटर लागते. वीस हेक्टर, म्हणजे पन्नास एकर ऊस केला की सगळ्या गावाचे वर्षाचे मुरलेले पाणी संपले. तेच पाणी शाळूला दिले, तर तीनशे हेक्टरांना दोन-दोन पाळ्या मिळतात. आणि दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज 55 लिटर धरले, तरी पिण्यासाठी वर्षाला चार कोटी लिटरच लागते, म्हणजे अवघ्या पाच एकर उसाचे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पुढे पन्नास डब्यांची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणू लागली. तशा आठ गाड्या एक हेक्टर ऊस पितो. तरीही मे महिन्यात टँकरभोवती घागरींची रांग लागली की आपण आभाळाला बोल लावतो.

खोल गेले की पाणी लागते, या समजुतीने तर घरेच्या घरे कर्जात बुडाली. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि भेगाळलेल्या थरात, साधारण विहिरीच्या खोलीपर्यंत. त्याखाली बहुतेक ठिकाणी घट्ट पाषाण. तीन-चारशे फुटांवर एखादी भेग लागलीच, तर तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या साठलेले पाणी असते आणि ते भरून यायलाही तितकाच काळ लागतो. म्हणून पहिल्या वर्षी दोन इंची चाललेला बोअर तिसऱ्या वर्षी धुरळा ओकतो. त्याहून वाईट गोष्ट अशी की केसिंग घालतात ते वरच्या थोड्या फुटांनाच. त्याखाली उघड्या राहिलेल्या भोकातून वरच्या थराचे पाणी खाली झिरपते आणि शेजाऱ्याची विहीर उन्हाळ्याआधीच तळ दाखवते. ज्याने बोअर घेतला त्याला पाणी नाही, ज्याने घेतला नाही त्याचेही गेले. मग शेजारी सातशे फुटांचा विचार करतो. शेततळ्यांचेही तेच झाले आहे. पावसाचे वाहते पाणी अडवण्यासाठी जे तळे काढायचे, त्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरून ते विहिरी-बोअरच्या पाण्याने भरले जाते. जमिनीखाली सावलीत असलेले सगळ्यांचे पाणी वर आणून उन्हात ठेवायचे आणि एकट्याचे म्हणायचे, याला जलसंधारण म्हणता येणार नाही.

या शर्यतीत हरलेला माणूस कुठे जातो, हे बीड जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला कोयता बाहेर पडतो. गावात म्हातारी माणसे उरतात, पोरांची शाळा सुटते. 2019 मध्ये विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे या जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाची आकडेवारी आली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. ज्या उसाने शिवाराचे पाणी ओढून नेले, त्याच उसाच्या फडात आपल्या लेकीसुना देह झिजवतात. पाण्याची वाटणी हा विषय बागायतदारांचा आहे, मजुरांचा त्याच्याशी संबंध नाही, असे मानणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

उपाय नाही असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम साधे होते: पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने 1990 च्या दशकात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली, चर खोदले आणि शेतीसाठी बोअर घ्यायला, ऊस-केळी लावायला बंदी घातली. तिथे आजही पावसाळा संपला की पाऊस मोजून पिके ठरतात. 1995 मध्ये त्या गावात 168 कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती, पुढे ती तीनवर आली. ते गाव काही चेरापुंजीत नाही. आपल्याइतकाच पाऊस, आपल्यासारखाच खडक. उलट नुसते अडवणे आणि उपशाला लगाम न घालणे याचे फळ काय, ते जलयुक्त शिवारने दाखवले. साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्ची पडले, तरी भूजल वाढवण्यात योजना फारशी यशस्वी झाली नाही, असा ठपका ‘कॅग’ने 2020 च्या अहवालात ठेवला.

‘माझे रान, माझा पैसा, मी कुठेही भोक पाडीन’ हे उत्तर आम्ही दारोदार ऐकले. रान तुमचे आहे. खडकातल्या भेगा सातबारा पाहून थांबत नाहीत. कायदाही तुमच्या बाजूने नाही. 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला मनाई केली आणि 2009 च्या भूजल अधिनियमाने 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणले. ‘हिवरे बाजारला सरपंच पोपटराव होते, आपल्याकडे कोण?’ या प्रश्नात वेळ घालवण्यासारखे काही नाही. एक आक्षेप मात्र खरा आहे: ज्याची मोसंबीची किंवा डाळिंबाची बाग उभी आहे, त्याने ती वाळू द्यायची का? नाही. उभ्या बागा ठिबकवर जगवू, पण नवी लागवड थांबवू. आणि कृष्णेचे पाणी येईल तेव्हा जरूर येवो, त्यासाठी मोर्चात आम्हीही पुढे असू. पण ते आल्यावर पुन्हा पहिल्या चार मोटारींनीच ओढायचे असेल, तर गरिबाच्या चुलीत काय फरक पडणार?

म्हणून आता वेळ घालवू नका. तहकूब सभा पुन्हा बोलावण्याचा अर्ज सरपंच-ग्रामसेवकांना या आठवड्यातच द्या, पोच घ्या. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण त्या पळवाटेने दहा माणसांत ठराव करू नका. घरटी एक बाई, एक पुरुष आला पाहिजे. आधी महिलांची सभा घ्या, कारण घागर त्यांच्या डोक्यावर आहे. ठराव तीन: शेतीसाठी नवा बोअर नाही, पिण्याचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढून उरेल त्यावरच रब्बी, नवा ऊस नाही. बोअरची गाडी आली तर भांडू नका, ठरावाची प्रत दाखवा आणि तहसीलदारांना कळवा. माथ्यापासून पायथ्यापर्यंतच्या चर-बांधांची कामे रोजगार हमीच्या आराखड्यात आत्ताच घाला, म्हणजे कोयता उचलण्याआधी गावातच हजेरी लागेल. पैसा नाही म्हणू नका, हे हक्काचे काम आहे. मागणीचा अर्ज लेखी द्यावा लागतो, तो भरून द्यायला आमचे कार्यकर्ते पारावर बसतील, त्यांचा हात या कामात बसलेला आहे.

सभेला येताना प्रत्येक विहीर-बोअरवाल्याने एका कागदावर चार गोष्टी लिहून आणाव्यात: खोली, आज पाणी किती फुटांवर आहे, मोटर किती अश्वशक्तीची आणि गेल्या उन्हाळ्यात ती कोणत्या महिन्यात बंद पडली. ज्यांची विहीर नाही त्यांनी घरातली माणसे आणि जनावरे मोजून यावे. फळा आम्ही घेऊन येतो.